काळी दोनमधली गाडी

इंजिनाला गायला लावायचा ध्यास घेतलेला सगळ्या मराठवाड्यात एकच माणूस जन्माला आला असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. दुसऱ्या कोणाचा निघाला असता तर मी पोट धरून हसले असते. पण लेक ज्यांच्या घरात नांदते त्या माणसाला हसता येत नाही, टोकता येत नाही, आणि ‘आमच्या गाडीच्या बॉनेटमधून आधी डोकं बाहेर काढा’ असं तर मुळीच सांगता येत नाही. व्याह्यापुढं विहिणीनं पदर सावरून कमी बोलावं, हा आमच्याकडचा रिवाज. मी तो मुकाट पाळला आणि त्याचा सगळा फायदा त्यांना झाला.

गाडी साधीच, डिझेलवर चालणारी जुनी पिकअप. आमच्या झरी गावातल्या बायका सकाळी माझ्या ओट्यावर दूध आणून घालत. मी ते मापून कॅनमध्ये भरी आणि ड्रायव्हर गफूरच्या शेजारी बसून परभणीला शीतकरण केंद्रावर पोचवी. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत दूध पोचलं पाहिजे, नाही तर नासतं. गाडीबद्दल मला एवढंच कळत होतं आणि तेवढ्यावर माझं छान भागत होतं.

व्याही ताडकळसचे. जन्मभर भजनात पेटी वाजवली, गावोगावच्या पेट्या दुरुस्त केल्या. पुढं बोटं आखडली म्हणून पेटी सोडली, असं ते सांगत. पेटी सुटली आणि सगळा जीव माझ्या पिकअपवर आला. पहिल्याच भेटीत त्यांनी बॉनेटवर कान टेकला, डोळे मिटले आणि निदान केलं, “इहीणबाई, इंजन म्हंजे पेटीच हाय. भाता मोकळा तर सूर मोकळा. तुमच्या गाडीचा भाताच कोंडलाय.”

तिथून पुढं ते येत राहिले. बंदमुळे एस.टी. उभ्या असल्या तरी सायकल हाणत येत. विहिणीकडं येताना लोक पेढे आणतात, हे रबरी नळी आणत. मी लेकीची खुशाली विचारावी, तर “आता कागदी फिल्टर बसवून बघू” असं उत्तर यावं. जेवायला वाढलंय म्हणून मागून हाक मारावी, तर हे इंजिनात गुंग. इतका तल्लीन माणूस मी पाहिला नाही, आणि तल्लीन माणसाइतका घरातल्या बाईला ताप दुसऱ्या कशाचा नसतो. एकदा नळीच्या तोंडाला बांधायला म्हणून माझं चक्का गाळायचं मलमलीचं फडकं घेऊन गेले. परत आलं तेव्हा त्यावर निम्मी काळी जमीन बसली होती. त्या पाडव्याला आमच्याकडं श्रीखंड झालं नाही.

इंजिनाला हवा कशातून द्यावी, याच्या त्यांच्याजवळ तीन तऱ्हा होत्या. गाडीबरोबर आलेला तेलाचा डबा, त्यात धूळ तेलाला चिकटून बसे. दुसरा कागदी फिल्टर. त्याला भात्यासारख्या घड्या असल्यामुळं दिसायला तो त्यांना आवडे. आणि तिसरी त्यांची स्वतःची करणी, छपराच्या वर जाणारा लांब पाइप, वर ट्रॅक्टरची टोपी, मध्ये जाळी नावापुरती. गफूर म्हणायचा, आपल्या धुळीला तेलाचा डबाच बरा. मलाही पटायचं. पण व्याह्यांनी डबा पहिल्या दिवशीच बाद केला, “लय गुमसुम हाय.” कागदी फिल्टर त्यांच्या मते जरा बरा, पण दबक्या आवाजात गाणारा. पाइप लावला की गाडी अशी हंबरायची की बांधावरचे बैल माना वर करत. व्याही मात्र पेटीची पट्टी दाबावी तसं मांडीवर बोट दाबून म्हणत, “काळी दोन.” सूर कसला आणि काळी दोन कसली, मला काही कळत नव्हतं. डिझेल जास्त जळतंय एवढं कळत होतं.

एका मे महिन्यात ते मुक्कामाला होते, आणि सकाळी दुधाच्या गाडीत आमच्याबरोबर बसले. अर्ध्या रस्त्यात एका लिंबाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली. तिन्ही तऱ्हा एकाच रस्त्यावर, एकाच भारावर लावून बघायच्या, म्हणजे तुलना खरी होते, असं त्यांचं म्हणणं. गफूरनं माझ्याकडं पाहिलं, मी लेकीला आठवलं आणि गप्प बसले. डबा काढला, कागदी लावला, तो काढला, पाइप चढवला, आणि पाइपाच्या पट्टीचा नट निसटून रस्त्याकडेच्या भेगेत गेला. उन्हाळ्यात आमच्या काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो आणि रिकामा परत येतो. गफूर म्हणाला, तारेनं बांधू. व्याही ऐकेनात, सांध्यातून हवा चोरली तर सूर फाटतो म्हणाले. ते भेगेत काडी घालत राहिले, ऊन वर चढत राहिलं. मी कॅनचं झाकण उघडलं आणि वास आला.

व्याही पाठमोरे होते, इंजिन बंद होतं, झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. मी पदर खोचला.

“पाव्हणे, हे दूध माझं नाही, गावातल्या बायकांचं आहे. तुमच्या भात्यापायी त्याचा नास झाला. पुन्हा माझ्या गाडीला हात लावाल तर लेकीला कायमची माहेरी घेऊन येईन.”

विहिणीनं व्याह्याला असं बोलल्याचं आमच्या सात गावांत कोणी ऐकलं नसेल. मी वाट बघत उभी राहिले. व्याही काडी झटकत वळले, हसले आणि म्हणाले, “न्हाई सापडला. बांधा तारेनं. उद्या पुन्हा तिन्ही लावून बघू, इहीणबाई.”

गफूर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाई, उनकू सुनाई नै देता.”

दूध नासलंच. ते ओतून दिलं आणि दारोदार जाऊन गाडी बिघडली म्हणून सांगितलं. मग ताडकळस गाठून लेकीला कोपऱ्यात घेतलं. ती म्हणाली, “आई, आमी त्यांच्या खांद्याला हात लावून, तोंडासमोर उभं राहूनच बोलतो. सूर कळंनात म्हणून भजनात पेटी दुसऱ्याला दिली. इहिणीपुढं कमीपणा नको, तिला सांगू नका म्हणले, म्हणून तुला सांगितलं न्हाई.”

त्या बोलण्याचा मला पस्तावा नाही. दुधाबद्दल मी खरं तेच बोलले. पण तेव्हापासून दुधाला जाताना गाडीला तेलाचा डबा, आणि सरकी पेंड आणायला ताडकळसच्या बाजाराला जाताना पाइप, असा आमचा नेम झाला. व्याह्यांच्या दारासमोर गफूर उगाच रेस करी. ते ओट्यावर बसून मांडीवर बोट दाबत. फुकट जळणाऱ्या डिझेलसाठी मी गफूरवर दर खेपेला चिडत असे. पाइप घट्ट बसलाय ना, हे मात्र निघताना आधी स्वतः बघत असे.

पुढं ती पिकअप विकली आणि नवी गाडी घेतली. तिचा सगळा हवेचा कारभार बंद डब्यात, आवाज मांजरासारखा. व्याही बघायला आले. आता थकले होते. बॉनेटवर आधी कान टेकला, मग तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, “इहीणबाई, ही काय म्हणायलीय?”

मी पदर सावरला, समोर जाऊन उभी राहिले आणि ओठ नीट हलवत म्हणाले, “काळी दोन.”

“वाटलंच मला,” व्याही म्हणाले. मग बॉनेटवर बोट दाबून धरलं.