आधी समोरच्याची गोष्ट

रिबकाबाईंच्या ओसरीवर देवाधर्माचा वाद घालायचा तर एकच नियम होता. आधी समोरच्याची गोष्ट सांगायची, तीही त्याला पटेल अशी. तो "बरोबर, आता तुमची सांगा" म्हणाला की मगच आपली. मध्ये कुणी नाक खुपसलं तर बाई नुसत्या बघायच्या. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेलेला. त्या नजरेपुढे भलेभले मुकाट्यानं कडू गोळी गिळत.

बाई कोकणातल्या ज्यू घरातल्या. नवऱ्याच्या नोकरीपायी पूर्णेला आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढं नवरा वारला, लेक इस्राएलला गेली, आणि त्यांच्या धर्माचं माणूस म्हणून गावात त्या एकट्याच उरल्या. शनिवार त्यांचा पाळायचा दिवस, त्या दिवशी गॅस पेटवायचा नाही. म्हणून दुपारचा चहा थर्मासातून शेजारच्या हाफिजसाहेबांकडून यायचा, आणि चहामागून स्वतः हाफिजसाहेब. मग चर्चचे पाळक यायचे, आणि मी. "मास्तर, तुमी बौद्ध. आमच्या भांडणात तुमचं काईच अडकलेलं न्हाई, तवा तुमी पंच," असं म्हणून बाईंनी मला कायमचं खुर्चीत बसवलं होतं.

एकदा बकरी ईदच्या तोंडावर जुनाच वाद निघाला. देवाच्या हुकमावरून इब्राहिमानं कुर्बानीला नेलेला मुलगा कोणता? हाफिजसाहेब म्हणणार इस्माईल. बाई आणि पाळक म्हणणार इसहाक. म्हटलं, आज पंचाची धडगत नाही. बाईंनी इस्माईलची गोष्ट धरली. पोरगा बापाला सांगतो, अब्बा, हुकूम झालाय तसं करा, मी सबर करीन. तिथं बाईंचा आवाज असा कापला की हाफिजसाहेबांनी रुमालानं डोळे पुसले. "बरोबर, आपा. आता तुमची सांगा." बाई म्हणाल्या, "माझी तुमीच सांगा." मग हाफिजसाहेबांनी सांगितलं, डोंगर चढताना इसहाक कसा विचारतो, लाकडं आहेत, विस्तव आहे, कोकरू कुठाय? पाळकांचा चहा हातातच गार झाला. कसला निवाडा न् कसलं काय! प्रवचनं मी ढिगानं ऐकलीत, पण दुसऱ्याची श्रद्धा इतक्या जपून हातात धरलेली कधी पाहिली नव्हती. घरी जाताना अंगावरचा काटा जात नव्हता.

पुढं बाई आजारी पडल्या. लेक फोनवर बोलवून थकली, या जाईनात. घोर एकच होता, तो त्यांनी एका शनिवारी बोलून दाखवला. "मरताना आमच्यात शेमा म्हणत्यात, देव एकच हाय म्हणून. माझी जीभ वळली न्हाई तर हितं कोण म्हणील?" हाफिजसाहेब थर्मास उचलून गुपचूप घरी गेले.

गेल्या तोही शनिवारच. पाळकांनी हात धरला होता. बाईंनी शेमा म्हणायला ओठ उघडले, पण जीभ पहिल्याच शब्दाला अडली. तेव्हा हाफिजसाहेब खाली वाकले आणि त्यांच्या कानात शेमाचे ते हिब्रू शब्द, एकही न चुकता, सावकाश म्हणाले. बाईंच्या लेकीकडून फोनवर रोज घोकून घेतले होते या माणसानं! आम्ही बघतच राहिलो. तेच ओशाळून म्हणाले, "देव एकच हाय, असंच तर हाय त्यात. माझ्या जिभेला काय जड?"

बाईंनी डोळे उघडले. ओठ हलले. मी पंच, कान लावणं माझं काम.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता तुमची सांगा."

हाफिजसाहेबांनी आपली प्रार्थना सुरू केली. ती ऐकता ऐकताच बाई गेल्या.