मामांचं बोट

पंप थांबला की सीलखालच्या ताटलीत तर्जनी फिरवायची, बोट उजेडात धरायचं आणि म्हणायचं, "आज न्हाई गळलं." मामांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नाही. 'पास' हा शब्द त्यांना वर्ज्यच.

वारूळवाडीजवळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मामा टेस्टिंग बघायचे. फिरता शाफ्ट पंपात शिरतो तिथून पाणी झिरपू नये म्हणून सील असतं. ते बेंचवर चढवायचं, दाब वाढवायचा, पंप पळवायचा आणि गळतंय का ते बघत बसायचं. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कशाला? मामा म्हणायचे, "पयल्या दिशी जावई बी चांगलाच वागतो."

मी पिंपळवंडीची. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. मी आखलेलं पहिलं सील टेस्टला लागलं, तेव्हा मालकांनी स्पष्ट सांगितलं, "हे गळलं तर यापुढं सील बाहेरूनच घेऊ." इकडे आईनं पेढे वाटूनसुद्धा टाकले होते.

नवी वस्तू असली की नारळ फोडल्याशिवाय मामा बटणाला हात लावत नसत. बेंचच्या कोपऱ्यावर नारळ आपटला, पंप सुरू केला. थोड्या वेळानं बंद करून ताटलीत बोट फिरवलं. बोट ओलं.

"गळलं," मामा म्हणाले. मालकांनी लगेच फोन काढला.

मी वाकून बघते तर ताटलीत खोबऱ्याचा एक कण. मी बोट बुडवून चाटलं.

"मामा, गोड लागतंय!"

"इंजिनिअरीणबाई, याड लागलं का?" असं म्हणत त्यांनीही चाटलं. डोळे मिटून, आमटीचं मीठ बघावं तसं. "मालक, फोन ठिवा. नारळ हाय."

मालकांनीही चाटून खात्री केली.

एवढ्यावर सोडतील तर ते मामा कसले! ताटली पुसून कोरडी केली आणि टेस्ट पहिल्यापासून. संध्याकाळी पुन्हा बोट. "आज न्हाई गळलं."

"मग पास म्हणा की!"

"उद्याचं कुणी बघितलंय?"

तेव्हापासून आमच्याकडे नारळ गेटबाहेर फुटतो.

माझंच सील लावलेले पंप आता आंबेगावापर्यंत चालतात. मामा मात्र गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात घेऊनच ते बेंचपाशी आले. मी म्हटलं, "मामा, आज तरी पास म्हणा."

त्यांनी तर्जनी डोळ्याखालून फिरवली, सवयीनं उजेडात धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"चाखू नगं, पोरी."