बारकीनं मागितलेला रोट

आमच्या बारकीला कुणी ‘नाही’ म्हटलं की तिचे डोळे चमकायचे. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी, अंगानं काडी, पण हिंमत अशी की मोठी असूनही मी तिच्याकडे आ वासून बघत राहायची. “बारके, तिकडे जाऊ नको,” म्हणायचा अवकाश, बाईसाहेब तिकडूनच हात हलवत असायच्या!

नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा आवाज ती हुबेहूब काढायची. दुपारी दाराआडून खाकरायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, “चहा ठेव वं!” आई बिचारी आधण ठेवायची. चहा प्यायचो आम्ही दोघी. एकदा खुद्द नानांनीच हाक मारली, तर आई आतून ओरडली, “गुमान बस, नहीं तं पाठ सोली काढसू!” नाना त्या दिवशी चहा न पिताच पपईच्या बागेत निघून गेले.

तिसरीत असताना ती एकटीच एसटीत बसून खापर गावी मावशीकडे गेली. कंडक्टरला म्हणाली, “माय मांगे बठेल शे.” इकडे गावभर शोधाशोध, आई रडून बेजार. मग मावशीचा फोन आला, “पोरगी जेवी ऱ्हायनी, घाबरू नका.” घरी आल्यावर मार खाता खाता वर तोंड करून सांगते, “मावशीनी याद येत व्हती ना!” त्या वयात मला बाजारातसुद्धा आईचा पदर सोडवत नव्हता.

माझं लग्न झालं, सासर विसरवाडीला. तिथं घरी कानबाई, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, बसत नाही, म्हणून श्रावणात मी दर वर्षी माहेरी यायची. पण रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या, फक्त घरच्या कुळानं खायच्या. लग्न झालेल्या लेकीचं कूळ बदललं, तिला रोट नाही. सगळे पंगतीला बसले की मी ओसरीवर शेंगा सोलत बसायची. आईनं माझ्यापुरती वेगळी भाकर टाकलेली असायची. वाईट वाटायचं, फार वाटायचं. पण रीत आहे, आपण कोण बोलणार, म्हणून कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

गेल्या श्रावणात बारकी लग्नानंतर पहिल्यांदाच आली. पंगत बसली आणि ही कमरेवर हात ठेवून मधोमध उभी!

“माय, कानबाईनं बी लगन व्हयेल शे ना? तरी ती येस तं पह्यला रोट तिले. मंग आम्ही लेकीच परक्या कश्या?”

“बारके, देवनं काम शे, मस्करी करू नको,” काका गरजले.

ती जागची हलली नाही. मी ओसरीवर शेंगा सोलायची थांबले. आईनं देवीकडे पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावून तिनं रोटाचा तुकडा मोडला आणि बारकीपुढे धरला.

बारकीनं मान हलवली. “मले नको. मी ते कव्हयच चुल्हाजोडे बशीसन खाई लिधा. हाई ताईले दे.”

काय म्हणावं या पोरीला! चुलीपाशी बसून स्वतःचा रोट केव्हाच खाऊन झाला होता हिचा! मी तर कधी बोलले नव्हते, आणि हिनं सगळं पाहून ठेवलं होतं. आईनं ओसरीवर येऊन तो तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो हातात धरून रडतच बसले, आणि बारकी माझ्या पाठीवर थापटत म्हणत होती, “खाय, ताई, खाय.”