माझ्या परीक्षेच्या दिवसांत घरात कोण होतं?

या सदरातले अनुभव मी आजवर भाजी निवडता निवडता वाचले आणि खरं सांगते, हसायलाच वाचले. गाडीला हात करणारी बाई, वळणावरचा म्हातारा... आपला नाही विश्वास. माहेर महाड शहरातलं, वडील शिक्षक, घरात अंगारा-धुपारा कधी शिरला नाही. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत आले, त्याला नऊ वर्षं झाली. तिथेही कोणी भुताखेताचं काढलं की मी उठून भांडी घासायला जायचे. भांडी तशीही मलाच घासायची असायची.

तर... लग्नामुळे सुटलेलं बी.ए. मी बाहेरून करायला घेतलं. शेवटचं वर्ष दोनदा राहिलं. तिसऱ्यांदा राहिलं तर पुस्तकं रद्दीत, असं ह्यांनी सासूबाईंसमोर सांगून टाकलं होतं.

अभ्यासकेंद्रावर एका रविवारी ‘ताण न घेता अभ्यास कसा करावा’ यावर एका सरांचं भाषण झालं. वेळापत्रक करा, पाऊण तास वाचलं की दहा मिनिटं फिरून या, मन प्रसन्न ठेवा. घरी येऊन मी वहीत रकाने आखले. पाणी, भाकऱ्या, गोठा, सासूबाईंचे गुडघे शेकणं... हे भरल्यावर अभ्यासाला एकही रकाना उरला नाही. सरांचं मन प्रसन्न राहावं म्हणून त्यांच्या घरी कोण राबतं, ते विचारायला हवं होतं.

मग मी चोरी केली. आमच्या समोरचं घर वर्षभर बंद असतं. माणसं मुंबईला, येतात ती गणपतीला नाहीतर शिमग्याला. झाडलोटीसाठी किल्ली आमच्याकडे. दुपारी जेवणं झाली की ‘समोरचं घर झाडून येते’ म्हणायचं आणि ओढणीखाली पुस्तक घेऊन सटकायचं. अर्धा तास, फार तर.

पहिल्याच दिवशी अर्थशास्त्रात असं डोकं घुसलं की भानावर आले तेव्हा साडेचार वाजले होते. संध्याकाळच्या बिरड्याचे वाल सोलायचे होते. ज्यांनी सोललेत त्यांनाच कळेल – भिजलेला एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची, तास जातो. बहाणे जुळवत घरात शिरले. सासूबाई आडव्या झालेल्या. पातेल्यात वाल सोललेले, दोरीवरचे कपडे घड्या घालून कॉटवर ठेवलेले. माझ्यामुळे म्हातारीला करावं लागलं म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आई, तुम्ही नका हो सोलायला बसू. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मी कशाला सोलू? तूच नाय सोललंस माझ्यासमोर बसून? येड लागलंय काय गो तुला?"

टोमणा असेल असं वाटलं. टोमण्यांची सवय आहे. पण पातेल्यात हात घातला आणि... माझ्या हातून सोलताना निम्मे दाणे फुटतात. त्यात एकही फुटलेला नव्हता.

चौथ्या दिवशी समोरच्या घराची खिडकी बोटभर उघडी ठेवून बसले. तिथून आमची पडवी सरळ दिसते. तीनच्या सुमारास सासूबाई पडवीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, एक बाई वाल सोलत होती. माझीच वेणी. माझाच हिरवा गाऊन – आणि तो तर तेव्हा माझ्या अंगावर होता! ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मांडीवरच्या पुस्तकाकडे नजर गेली. पेपरला अकरा दिवस, चार धडे बाकी.

मी खिडकी लावून घेतली आणि पान उलटलं.

तुम्ही विचाराल, भीती नाही वाटली? वाटली की. पण जे काही होतं ते काम करत होतं. माझं काम करायला त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी बसलं होतं.

शेवटच्या पेपरापर्यंत रोज हेच चाललं. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की ती कुठेच नसायची. ह्यांची नोकरी एमआयडीसीत, रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी घरीच असायचे. दुपारचा चहा हे तिच्याच हातचा प्यायले, कप कुठे ठेवायचा तेही तिला सांगितलं असेल. पेपर संपल्यावर मी मुद्दाम समोरच्या घरात जाऊन बसले. परत आले तर वाल भिजलेले तसेच, आणि कुठे उलथली होतीस म्हणून सासूबाईंचा पट्टा सुरू.

पास झाले. फर्स्ट क्लास. निकालाच्या दिवशी पेढा खाता खाता सासूबाई म्हणाल्या, "ते समदं बरं हाय. पन परीक्षेच्या दिसांत कशी गुणाची झाली होतीस गो. हूं नाय की चूं नाय, खाली मान घालून काम. आता परत तोंड सुटलंय तुझं."

हे म्हणाले, खरंच, तेव्हा घरात बरं वाटायचं.

मला राहवलं नाही. ती मी नव्हते, असं म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. खिडकी, गाऊन, न फुटलेले दाणे, सगळं.

हे हसले. "मग तिलाच बोलव ना परत."

सासूबाईही हसल्या. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. कोणाचा, ते मात्र नीट सांगता येणार नाही.

ती कोण, कुठून आली, का गेली... माझ्याकडे आजही उत्तर नाही. नऊ वर्षं ज्यांना जेवायला वाढलं त्यांना समोर दुसरीच बाई बसलीय हे कळलं कसं नाही, याचंही नाही. घरात अजून तिची आठवण काढतात. माझ्यासमोर.