अख्ख्या गल्लीची ताटं

समजा, तुम्हाला एका अख्ख्या गल्लीची ताटं घासायची आहेत. घाई काही नाही. काल कुणाकडे तरी बारसं झालं, लोक जेवून गेले, आणि आज सकाळी पोत्यांत भरून ताटं तुमच्या गच्चीवर आली आहेत. ज्यांच्याकडे कार्य होतं त्यांनी ती घासूनच दिली आहेत, तरी तुम्ही एकदा हात फिरवणारच. नळ सोडा, पाटावर बसा, पहिलं ताट घ्या. साबणाचा फेस ओघळला, की काठाखाली बारीक बारीक टिंबांनी कोरलेलं एक नाव वर येईल. कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत, कधी तमिळमध्ये, एखादं उर्दूत. एखाद्यावर लग्नाची तारीख, एखाद्यावर ‘मामाकडून भेट’. तुम्ही त्या नावावरून बोट फिरवाल. कोण असेल हा मामा? भाचीनं त्याला नंतर कधी जेवायला बोलावलं असेल का? आणि मग लक्षात येईल, की हात केव्हाचा थांबला आहे आणि पाणी नुसतंच वाहतं आहे.

महानंदाचं दर वेळी असंच होतं.

ती चिकोडीकडची, जैनाघरची लेक. लग्न होऊन आली ती थेट बेंगळुरूच्या या टोकाला, होसूर रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत. नवरा शिवकुमार बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर आहे. गल्लीचा अर्धा भाग जुन्या गावाचा, बैठ्या घरांचा. उरलेल्या अर्ध्यात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्यांचे फ्लॅट. दोन्हीकडची माणसं येता-जाता एकमेकांकडे बघून हसायची, पण एकमेकांच्या घरी कधी जेवली नव्हती.

ताटं आली ती कचऱ्यामुळे. कुणाचंही कार्य झालं, की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये कागदी आणि थर्माकोलच्या ताटांचा ढीग पडायचा. गायी तो चघळायच्या, उरलेलं गटारात जायचं, आणि गटार तुंबलं की घाण पाणी बैठ्या घरांत. समोरच्या फ्लॅटमधली स्मृती, मूळची पुण्याची, सुट्टीच्या दिवशी ‘नेरळू’ नावाच्या एका लहानशा संस्थेचं काम करायची. नेरळू म्हणजे सावली. संस्थेनं गल्लीला सुचवलं की प्रत्येक घरानं जमतील तेवढी स्टीलची ताटं द्यावीत, आणि ज्याच्याकडे कार्य असेल त्यानं ती न्यावीत, परत आणून द्यावीत. स्मृतीला वाटलं होतं, लोक कोरी ताटं आणतील. लोकांनी फळीवरची आणली. लग्नातली, बारशातली, नाव घातलेली.

“काकू, ही नावं पॉलिश करून काढायची का?” तिनं विचारलं.

“अगं, नाव आहे म्हणून तर ती परत येतील. नाव काढलंस तर उरलं काय, पत्रा?” महानंदा म्हणाली.

महानंदाच्या घराला गच्ची होती आणि गच्चीवर नळ होता, म्हणून ताटं तिच्याकडे राहिली. घासून झालं की ती ताटं कठड्याला टेकवून ओळीनं उभी करायची. मग ऊन सरकत यायचं. एकेका ताटातून उजेडाचा गोल उठायचा आणि समोरच्या फ्लॅटच्या भिंतींवर जाऊन हलत राहायचा. कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायचा, कुणाच्या झोपलेल्या बाळाच्या पाळण्यावर. महानंदा टाकीच्या सावलीत बसून ते बघत बसायची. डोळे जड व्हायचे आणि तिला दिसायचं, की त्या नावांची सगळी माणसं खाली गल्लीत पंगतीला बसली आहेत. मामा, भाची, नवरे, नवऱ्या, गेलेली आणि असलेली. मुनेश्वराच्या देवळापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत एकच लांब पंगत. आणि वाढतेय कोण? तिची आई.

आईचं ताटही त्यांत होतंच. जड, खोल काठाचं, ‘सौ. चंपाबाई आ. मगदूम’ असं नाव घातलेलं. आई गेली तेव्हा भावानं विचारलं होतं, तुला काय हवं? हिनं ते ताट मागून घेतलं होतं. आणि ताटं गोळा करायच्या पहिल्याच दिवशी पहिलं ताट दिलं ते तेच.

“घरात एवढी ताटं, आणि नेमकं तेच दिलंस?” शिवकुमार म्हणाला होता.

“आईला पंगतीत वाढायला आवडायचं. कपाटात बसून काय करील ती?”

असं सगळं छान चाललं होतं. बारशी झाली, वास्तुशांती झाली, गणपतीचं जेवण झालं. मग तीन घरं सोडून राहणाऱ्या गंगव्वानं ताटं मागितली. गंगव्वा अथणीकडची. तिच्या मुलाच्या, यल्लाप्पाच्या लेकराचं जावळ काढायचं होतं, आणि जावळ म्हटल्यावर बकरं आलं, मटणाचं जेवण आलं. आजवर गल्लीत जेवढी जेवणं झाली ती योगायोगानं शाकाहारी होती, त्यामुळे हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

संस्थेच्या खोलीत बैठक बसली. रघुपती अण्णा संस्थेचे खजिनदार. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर, आता मल्लेश्वरम सोडून मुलीच्या फ्लॅटवर राहायला आलेले.

“स्वल्प ऐका,” ते म्हणाले. “कुणी काय खावं हे मी कोण सांगणार? पण मी दिलेल्यांतली काही ताटं माझ्या आईची आहेत, सोवळ्यातली. तर थोड्या ताटांना मागून लाल ठिपका लावू. मटणाला ती द्यायची. भांडण नको. सोय म्हणा.”

“मग अंड्यांना कुठला रंग, अण्णा?” स्मृती म्हणाली. “आणि कांदा-लसणाला?”

लोक हसले. अण्णा स्वतःही हसले. “चेष्टा नको, मगू,” ते म्हणाले. तरुण पोरांना ते मगूच म्हणायचे, बाळा म्हणावं तसं. “मी माझी ताटं परत मागितलेली नाहीत अजून.”

तो ‘अजून’ खोलीत तसाच राहिला. सगळ्यांनी महानंदाकडे बघितलं. ताटं तिच्या ताब्यात होती, आणि खाण्यापिण्याचं सगळ्यांत कडक घर तिचंच होतं. ती काय म्हणेल ते चाललं असतं. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. बैठक काही न ठरताच उठली.

घरी आल्यावर तिनं एक गोष्ट केली. गच्चीवरच्या ढिगातून आईचं ताट काढलं आणि स्वयंपाकघरात ठेवलं. एक ताट काढल्यानं काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी गंगव्वाच्या ओट्यावर कागदी ताटांचे गठ्ठे येऊन पडले. ठिपक्याची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती. गंगव्वानं कुणाशी भांडण केलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. फक्त ताटं न्यायला आली नाही.

महानंदाला कळत होतं की आता काय होणार. आईचं ताट निघालं, मग अण्णांची निघतील, मग ज्याचं त्याचं, आणि गच्चीवर नुसता नळ उरेल. हे कळत असूनही आईचं नाव समोर दिसलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी ती बाई. तिच्या नावावर मटणाचा रस्सा?

दुपारी ओट्याला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला. तीच पंगत दिसली. आई वाढत वाढत पुढं चालली होती. देवळापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत आली आणि पंगत संपली. पण आई थांबली नाही. पलीकडं, माहेरच्या गोठ्याजवळ, काही बाया उकिडव्या बसल्या होत्या. आई त्यांनाही वाढू लागली. वरून, हात न लावता. भरपूर वाढत होती.

जाग आली तेव्हा तिला गोठ्यातला कोनाडा आठवला. त्यात जर्मनची ताटं पालथी घातलेली असायची. शेतावर कामाला येणाऱ्या बाया ती आपली आपण घ्यायच्या, आपण धुवायच्या, आपण पालथी घालायच्या. लहानपणी तिला त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं. दारात नळ असावा, तसा गोठ्यात तो कोनाडा. त्या ताटांवर कुणाचंच नाव नव्हतं.

ती उठली. ढिगातली अण्णांच्या आईची ताटं तिनं बाजूला काढली, एका धुतलेल्या कापडात बांधून त्यांच्या घरी नेऊन दिली.

“ही तुमची, अण्णा. तुम्ही द्याल तेव्हा द्या.”

“सरी, बरं,” अण्णा म्हणाले. मग गाठोडं हातात घेत, “आणि तुमच्या आईचं?”

“ते जातंय.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मी विकत आणून दिलेली आहेत ना, ती बाकीची,” ते म्हणाले, “ती राहू द्यात तिथंच.”

मग शिवकुमारच्या सायकलवर पोती लादून महानंदा गंगव्वाच्या दारात गेली. गंगव्वा लसूण सोलत होती.

“या, जैनांच्या लेकी. ठिपका लावायला आलीस न्हवं?”

“ताटं आणलीत, अक्का.”

“मला नकोत. यल्लाप्पानं कागदाची आणली. खायाचं, फेकायचं. कुणाच्या आईचं सोवळं मोडायला नको.”

“एकालाही ठिपका नाही. बघा.”

“का? रंग संपला? लावा की! लाल ठिपका मी कपाळावर जन्मभर लावतीय. मला काय त्याचं नवल?”

महानंदाला हसू आवरेना. गंगव्वानं तोंड वळवलं, पण तिचेही खांदे हलत होते. मग तिनं सगळ्यांत वरचं ताट उचललं, वजन बघितलं. “जुनं हाय. काय लिवलंय हे?”

“माझ्या आईचं नाव.”

“आई खात हुती?”

“मटण? कांदासुद्धा नाही.”

गंगव्वानं लसूण खाली ठेवला. “मग हे कशाला आणलंस, तंगी?” आता ती धाकट्या बहिणीला म्हणावं तसं बोलत होती. “एवढं एक काढून ठेव. मी काय म्हणणार न्हाई.”

“काढलं होतं. परत घातलं.”

“आईला काय वाटंल?”

महानंदानं घसरणारं पोतं सावरलं.

“बघ हं. मागनं रडत येऊ नगंस.”

“रडले तर रडले. आधी ही उतरवून घ्या, सायकल कलंडतेय.”

जावळाच्या दिवशी गल्लीवर मांडव होता. पिवळ्या कापडातून ऊन गाळून येत होतं, आणि सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसत होते. बैठ्या घरांतली माणसं आली, फ्लॅटमधली आली. पलीकडे रस्ता खणणारे मजूर मटणाच्या वासानं रेंगाळले, तर यल्लाप्पानं त्यांनाही हाताला धरून बसवलं. महानंदाला गंगव्वानं एका कडेला केळीच्या पानावर जेवायला वाढलं. तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात शेवयांची खीर केली होती. महानंदा एकेक घास घेत पंगतभर नजर फिरवत होती. कुठलं ताट जड आहे? कुठल्याचा काठ खोल आहे? पण त्या पिवळ्या उजेडात सगळी ताटं सारखी दिसत होती, आणि नावं तर काठाखाली होती. जेवणारा कुणाच्या नावात जेवतोय हे त्यालाही कळत नव्हतं.

ताटं परत आली. गंगव्वानं ती अशी लखलखीत घासली होती, की करायला काही उरलं नव्हतं.

“अक्का, आईचं ताट कुणाला गेलं होतं?” महानंदानं विचारलं.

“मला काय ठावं? वाढताना मी ताट बघू का माणूस बघू?” पोतं खाली टेकवून गंगव्वा निघून गेली.

महानंदानं आईचं ताट शोधून काढलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तरीही तिनं ते एकदा धुतलं, आणि इतर ताटांच्या ओळीत कठड्याला टेकवून ठेवलं. ऊन आलं, उजेडाचे गोल समोरच्या भिंतींवर हलू लागले. त्यांतला आईचा कुठला, हे तिला सांगता येईना.

आता गल्लीत सगळे म्हणतात, महानंदानं बरं केलं. अण्णाही म्हणतात. पण ज्या एका बाईला विचारायचं ती नाही. पंगतीला कुणी आलं तर उपाशी न पाठवणारी आई, आणि गोठ्यात वेगळी ताटं पालथी घालायला लावणारी आई, दोन्ही एकच. ती त्या दुपारी मांडवात आली असती, आणि आपल्या नावाच्या ताटात एक अनोळखी मजूर रस्सा ओरपतोय हे तिनं बघितलं असतं, तर? ताट हिसकावून घेतलं असतं, की वाकून विचारलं असतं, “अजून भात वाढू का, बाबा?”