गाडी डावीकडे ओढते

दादा गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा धरमपेठेतल्या घरी मी टेबल आवरत होते. फोन ठेवल्यावर रडू आलं नाही. बेसाकडचा तो सरळ रस्ता मात्र डोळ्यांसमोर आला...

माझा हा मोठा भाऊ नोकरीतून निवृत्त झाला आणि प्रताप नगरच्या घरासमोर उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीचा पूर्णवेळ वैद्य झाला. आधी सोपं कारण शोधायचं, मग अवघड, ही त्याची शिस्त. मागच्या हिवाळ्यात गाडी डावीकडे ओढते, असं तो म्हणू लागला. त्यानं चाकांतली हवा तपासली. पुढचे दोन्ही टायर आपसात बदलले. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती, ती गेली नाही. तळहात फिरवून झीज पाहिली, ती सारखीच होती. मग चाकं एका रेषेत आहेत का हे पाहायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली. एक टोक धरून कंटाळलेली वहिनी म्हणाली, "आपल्या लग्नात अंतरपाटही लोकांनी इतका वेळ धरला नव्हता." दादा हसला. उठताना मात्र त्याला बॉनेटचा आधार घ्यावा लागला. पुढे दुकानातून अलाइनमेंट करून आणलं, तरी तक्रार तीच.

शेवटच्या परीक्षेला रिकामा रस्ता हवा होता. बेसाच्या पुढे, नुसते प्लॉट पाडून ठेवलेल्या एका नव्या ले-आउटमध्ये तो सापडला. एका रविवारी सकाळी दादानं मला चालवायला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. वेग अगदी कमी करायला लावला.

"आता हात सोड वं."

सोडले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. पुन्हा सोडले, पुन्हा तेच. मग तो चालवायला बसला आणि थोड्याच अंतरात आम्ही डाव्या कडेच्या गवताकडे सरकू लागलो. त्याचा डावा हात स्टिअरिंगवर होता, पण त्यानं ते धरलेलं नव्हतं. ओला टॉवेल टाकावा तसा तो हात नुसता पडला होता. दादाच्याही ते लक्षात आलं. गाडी थांबवून त्यानं उजव्या हातानं डावा उचलला आणि मांडीवर ठेवला. एरवी दोष सापडला की तो खूश व्हायचा...

डॉक्टरांनी मेंदूतली गाठ सांगितली. उन्हाळा इस्पितळातच गेला. शेवटच्या भेटीत मी त्याचा तो हात धरून बसले होते. शब्द जुळवत, थांबत थांबत तो म्हणाला, "बिचारीले उगाच नावं ठेवली मी... सरळच चालून राहिली होती वं ते."

परवा वहिनीनं किल्ली हातात दिली. उभी राहून बॅटरी उतरते, जरा फिरवून आण, म्हणाली. मी गाडी त्याच रस्त्यावर नेली. शेजारची सीट पाय पसरण्यासाठी त्यानं मागे सरकवली होती, ती अजून तशीच आहे. वेग कमी करून मी हात सोडले. गाडी सरळ जात राहिली. रस्ता संपेपर्यंत मी डावीकडच्या गवताकडे पाहत होते. एकदा तरी ती तिकडे ओढेल, असं वाटत होतं...