फोनवर तुटलेला कौल

“कौल झालो गो बाय, देवीन…” एवढंच आप्पांचं ऐकू आलं आणि फोन मेला. मी हॅलो हॅलो करतेय, रिसीव्हर आपटतेय, कडेवर चिऊ बोंबलतेय, आणि कानात नुसतं कुंई. बूथवाला काचेवर टकटक करून म्हणाला, “भाभी, लाईन डेड हो गया. गांव के तरफसे गया, अपना ठीक है.” मी म्हटलं परत लाव. त्याने लावला, परत लावला, लागेचना. विरारच्या फुलपाड्यातल्या त्या डब्याएवढ्या बूथमध्ये मी पोरीला घेऊन खालीच बसले, लोकांच्या चपलांच्या चिखलात. कारण संध्याकाळच्या आत मला ठरवायचं होतं, आणि देवीने तर ठरवून टाकलं होतं, फक्त मला कळलं नव्हतं.

मी काही फार शिकलेली नाही. बारावी कशीबशी झाली आणि लगेच लग्न झालं. चिऊ व्हायच्या आधी मी विरार स्टेशनजवळ एका चष्म्याच्या दुकानात होते, काचा पुसायच्या, डब्या लावायच्या. तिथे डोळे तपासायला एक मॅडम यायच्या. त्या एक काच काढून दुसरी घालायच्या आणि समोर बसलेल्या माणसाचं तोंड एकदम बदलायचं, कपाळावरच्या आठ्या जायच्या, म्हातारी माणसं तर हसायचीच. मला ते बघायचं वेडच लागलं. घरी आले तरी तेच डोळ्यापुढे. मॅडमनीच सांगितलं की ह्याचं कॉलेज असतं, बारावी सायन्स आहेस ना, मग प्रयत्न कर. मी घाबरत घाबरत दोन ठिकाणी केला, वाटलं कुठे होणार आपलं. आणि दोन्हीकडे झालं. मुंबईतलं दोन वर्षांचं, रोज संध्याकाळी घरी येता येईल असं. पुण्याचं चार वर्षांचं, डिग्रीचं, पण हॉस्टेलला राहायचं. मॅडम म्हणाल्या, मुंबईचं केलंस तर कुणाच्या तरी हाताखाली राहशील, पुण्याचं केलंस तर खुर्चीवर तू बसशील. माझी सासू म्हणाली, “डोळेच बघायचेत ना लोकांचे? मग नाक्यावर उभी राहा, फुकटात दिसतात.” शेजारची वहिनी म्हणाली, चार वर्षं शिकून काय, ए बी सी डीच वाचायला लावणार ना? सगळे हसले. मीपण हसले. पण जीव पुण्यात अडकला होता, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण चिऊ. वर्षाची होत आली तरी माझ्या अंगावरच पीत होती, वरचं काही घेतच नव्हती. मऊ भात थुंकायची, पेज थुंकायची, सासूने बोट चाटवलं तर बोट चावायची. वाटी-चमचा दिसला तरी तोंड फिरवायची. मी न्हाणीत गेले तरी दाराशी बसून रडायची. अशा पोरीला टाकून मी पुण्याला जाऊ? आमचे हे म्हणाले, मला विचारू नकोस, उद्या काही झालं तर माझ्यावर येईल. सासू म्हणाली, मी सांभाळीन हो, पण ती जगली पाहिजे ना माझ्याकडे. आणि दोन्हीकडे त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतः हजर राहायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणजे पुण्याला जायचं तर त्याच संध्याकाळची एसटी धरायची.

मग माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, गावाहून निरोप दिला की आपण कौल लावू. आमचं गाव कोकणात, आप्पा तिथेच राहतात. कौल म्हणजे गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पडली तर एक, डावीकडची पडली तर दुसरं. आमच्याकडे लग्नं, घरं, शेतं, सगळं असंच ठरतं. ठरलं असं की आप्पा सकाळी देवळात जातील आणि दुपारी दुकानातल्या फोनवरून ह्या बूथवर फोन करतील. मला इतकं हलकं वाटलं होतं काय सांगू. खरं सांगते, मला देवीचं उत्तर हवं होतं त्यापेक्षा जास्त हे हवं होतं की जायला मी सांगितलं नाही, तिने सांगितलं. म्हणजे पोरीला काही झालं तर मी देवीकडे बघेन आणि देवी माझ्याकडे बघेल.

आणि नेमका त्याच शब्दाला फोन मेला.

बूथबाहेर बाकड्यावर एक म्हातारी बसली होती, गुडघ्याखालपर्यंत लाल लुगडं, गळ्यात क्रूस. वसईकडच्या गास गावची, इथे लेकीकडे आली होती. तिला कुवेतला मुलाला फोन करायचा होता, माझ्यामुळे ती खोळंबली होती. मला वाटलं आता ओरडेल. तर तिने आत वाकून चिऊला उचललंच. म्हणाली, “आधी उठ बाय, चिखलात काय बसलीस. कोन गेलं काय तुझं?” मी नाही म्हटलं. मग कुणाला नाही सांगितलं ते सगळं तिला सांगून टाकलं, रडत, धाप लागेपर्यंत, कॉलेज, पोर, कौल, सगळं. ती ऐकत होती आणि एका हाताने पिशवीत चाचपत होती. केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपात बांधलेली पुडी काढली, त्यात सुकेळी, वसईची वाळवलेली केळी असतात ना, चिकट काळपट, ती. एक तुकडा मोडला, बोटाने चुरला आणि चिऊच्या ओठाला लावला. मी म्हटलं आजी ती नाही घेणार, थुंकेल तुमच्या अंगावर.

चिऊने तो तुकडा चोखला. मग म्हातारीचं बोट चोखलं. मग दोन्ही हातांनी तिची मूठ धरून आतलं शोधायला लागली. मी समोर उभी आहे, छातीला पान्हा फुटून ब्लाउज भिजलाय, आणि माझी पोर माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला इतकं दुखलं की मी भिंत धरली.

म्हातारी म्हणाली, “पोरं घेतात गो. आपल्यालाच देववत नाय दुसऱ्याच्या हातात.”

तेवढ्यात बूथवाल्याने तिचा कुवेतचा नंबर लावला, तोही लागला नाही. तो म्हणाला, “आजी, घंटाभर थांबा, फिर ट्राय करते.” तर ती उठलीच. मी विचारलं, थांबणार नाही? म्हणाली, “लागला तर बोलते, नाय लागला तर त्याच्या नावानं एक ‘आमच्या बापा’ प्रार्थना म्हनते नि घरी जाते. पोराला काय माझ्या फोननं देव राखतो?” चिऊच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, उरलेली पुडी माझ्या हातात कोंबली आणि गेली. देवीचा कौल मला मिळाला नव्हता आणि तरी माझ्या आत एकदम शांत झालं होतं. ते काय होतं मला नाही सांगता येत. चमत्कार मी म्हणणार नाही, कारण पुढे ती मला सोपाऱ्याच्या बाजारात दिसली होती, भाजीवाल्याशी भांडत होती, मी पाया पडले तर म्हणाली, कोन गो तू?

मी लाईन यायची वाट बघितली नाही. घरी गेले. सासू दारातच, “आला कौल?” म्हटलं, नाही, फोन कटला. “मग?” म्हटलं, मग मी जाते पुण्याला. ती मागे वळली. आत जाऊन कणीक मळायला घेतली. डबा बांधून दिला आणि चिऊला माझ्याकडून घेताना एवढंच म्हणाली, “रडायचं तर एसटीत रड. इथे पोरीसमोर नको.” मी रडले, विरारपासून पुण्यापर्यंत.

त्या पहिल्या वर्षाचं काय सांगू. इंग्रजी पुस्तक उघडलं की एकेक शब्द डिक्शनरीत शोधत बसायचे. हॉस्पिटलमध्ये लहान मुलं तपासायला आणायचे, एखादं रडलं की माझं दूध सुटायचं, मी ॲप्रन घट्ट धरून उभी. रात्री उशी कुशीत घेऊन तिला थोपटायचे, झोपेतच. देवीला म्हणायचे, तू काय म्हणाली होतीस ते आता तरी सांग. तू जा म्हणाली असशील तर मी हे सोसेन. नको म्हणाली असशील तर उद्याच परत जाते.

गणपतीत गावी गेले तेव्हा आप्पांना अंगणात गाठलं. विचारलं, आप्पा, त्या दिवशी कौल कुठला झाला होता? आप्पा अळूची पानं कापत होते. हातातलं पान कापून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “लाईन मी तोडलंय? गुरवान तोडल्यान? तिना तोडलेली लाईन मी कित्याक जोडू?” मी म्हटलं, आप्पा, मला झोप लागत नाही. तर म्हणाले, “तुका सांगूचा असता तर तिना सांगल्यान असता. तिचा काम तिका करू दी. तू तुझा कर.” आणि सासूला हाक मारून म्हणाले, अळू धुवून घे. संपलं. त्यानंतर मी कितीदा गेले असेन, पायाशी बसले असेन, ते दुसरं काही बोलतात, ते नाही.

पहिल्यांदा राग आला. आता नाही येत. आता मला वाटतं, देवीने माझ्याकडून ते काढून घेतलं ज्याच्यामागे मी लपणार होते. चिऊ जगली, नुसती जगली नाही, बाळसं धरलं. सासूच्या हातचं सगळं खाते, अगदी कारलंसुद्धा. ह्याबद्दल देवीचे, त्या म्हातारीच्या देवाचे, आणि माझ्या सासूचे, तिघांचे पाय धरले तरी फिटणार नाही. आता रात्री निजताना हात जोडते आणि काही मागत नाही, एवढंच म्हणते, तुला माहीत आहे ना, मग झालं. त्याने झोप लागते. रोज नाही, पण लागते.

पण शनिवारी घरी जाते ना, तेव्हा चिऊ मला “पुण्याची आई” म्हणते आणि सासूला नुसती “आई”. दोन दिवसांत जरा जवळ येते, मांडीवर बसते, माझ्या बांगड्या मोजते, आणि मी निघायची वेळ होते. आप्पांचं वय झालंय. त्या पाकळीचं गुरवाला आता आठवतसुद्धा नाही म्हणे. आप्पा गेले की ते कुणालाच माहीत असणार नाही.

तुम्हीही कुणाच्या तरी आया असाल, म्हणून विचारते. त्या बूथवर तुम्ही लाईन येईपर्यंत थांबला असता का? आणि पोर आपल्या कडेवरून उतरून दुसरीला आई म्हणत धावताना बघून, आप्पा आहेत तोवर, एकदा तरी पुन्हा विचारलं असतं का, की देवी काय म्हणाली होती?